मोमेना खालाची जीभ

मोमेना खाला मूळची मैमनसिंहची, गोड्या पाण्याच्या मुलखातली. लग्नाआधी ती दारोदार फिरून आयांना शिकवायची: पोराला हगवण लागली की तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. "आणि पाजण्याआधी चाखायचं. आसवांपेक्षा खारट लागलं तर फेकायचं!"

"आसवं कुठून आणू ग आपा? सासू तर माहेरी गेलीय!" बायका तिची फिरकी घ्यायच्या.

लग्न होऊन ती आमच्या समुद्राकाठच्या सातखिऱ्यात आली. पुढे वादळात बांध फुटला, पिण्याच्या तळ्यात समुद्र शिरला, आणि खाऱ्या पाण्यात कोळंबी पिकवणाऱ्यांनी तो जाऊ दिला नाही. विरघळलेलं मीठ दिसतं थोडंच? तळं पूर्वीइतकंच नितळ. पावसाचं साठवलेलं पाणी संपलं की आम्ही तेच प्यायचो.

त्या चैत्रात रांजण कोरडे पडले आणि खालाच्या नातवाला, तुहिनला, हगवण लागली.

"आम्मा, तळ्याचंच पाणी उरलंय," सून परुल म्हणाली.

खालाने चाखलं. "चांगलं आहे. आण मीठ."

मीठ-गूळ घालून पुन्हा चाखलं. तिच्या जिभेला अगदी बरोबर लागलं. तुहिन वाटीला लोंबकळून प्यायला, आणखी मागू लागला.

"बघ, पितोय!" खाला हरखली. "पिणारं पोर जातं का कुठं?"

त्याची तहान भागेचना. संध्याकाळी झटके आले. होडीतून इस्पितळात नेलं. डॉक्टर शहरातून नवा आलेला. त्याने सोबत नेलेल्या मीठ-गुळाच्या पाण्याच्या बाटलीतला थेंब जिभेवर घेऊन तोंड वाकडं केलं.

"खाला, हे पाणी आधीच खारं. त्यात आणखी मीठ घातलंत?"

"मी चाखलं होतं, बाबा."

"खारट लागलं नाही?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी तुहिन गेला. परुल सासूला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं, असं खाला मला एकदा म्हणाली. कालवणाचं मीठ पाहणंही तिने सोडलं.

यंदा शेजारच्या पोरीला हगवण लागली, तेव्हा बायका सवयीने खालाकडेच आल्या. ती पाण्याची वाटी घेऊन उठली ती थेट लाइजूकडे. लाइजू महिन्यापूर्वी गोड्या पाण्याच्या रंगपूरहून लग्न होऊन आलेली.

"चाख ग."

लाइजू अंगणात थुंकली. "शी! पाणी आहे की लोणच्याचा खार?"

बायका खो खो हसल्या. "होईल ग सवय!"

खालाने वाटी ओतून दिली. परुलला दुसऱ्या वाडीवर पावसाचं पाणी मागायला पाठवलं. मग लाइजूची हनुवटी धरून हळूच म्हणाली, "सवय झालेली कळत नाही ग, पोरी."