अर्धं बिस्किट

आमच्या क्लिफइतका मत्सरी माणूस अख्ख्या लँकेशायरात सापडायचा नाही. माझा सख्खा थोरला भाऊ आहे, म्हणून मी बोलते. परक्याने म्हटलं असतं तर झिंज्याच उपटल्या असत्या. लहानपणी माझ्या मैत्रिणी घरी आल्या की हा गाल फुगवून कोळशाच्या खोलीत जाऊन बसायचा. लग्नात म्युरिएल तिच्या मामाबरोबर दोनदा नाचली, तर हा नवरदेव मधुचंद्राला ब्लॅकपूलला पोचेपर्यंत गप्प! आयुष्यभर बस चालवली, गावभरची माणसं वाहिली, पण आपलं म्हणून जे असेल त्याला कुणी हात लावलेला त्याला खपत नाही.

रिटायर झाल्यावर त्याने टॅन्सी आणली. करडी, सडपातळ, भित्र्या डोळ्यांची कुत्री. ती त्याच्या पायाशी असली की म्युरिएलने खुर्चीजवळ जायची सोय नव्हती. लगेच गुर्रर्र! क्लिफ तोंडदेखलं म्हणायचा, "असं करू नये गं," आणि मिशीत हसायचा. टॉम, माझा नवरा, गेल्यापासून मी शेजारच्या घरात एकटीच असते, आणि मधली भिंत पातळ. बायकोशी धड चार शब्द न बोलणारा हा बाबा कुत्रीशी तासन्‌तास गप्पा मारायचा.

"विनी, यापेक्षा सवत परवडली," म्युरिएल म्हणायची. "निदान भांडी तरी घासली असती."

एका रविवारी म्युरिएल रिकामा कप उचलायला वाकली आणि टॅन्सीने तिच्या हाताला दात लावले. रक्त आलं. म्युरिएल रडली नाही, ओरडली नाही. नळाखाली हात धरून म्हणाली, "ईस्टरला लोर्ना रांगतं बाळ घेऊन येतेय. तोवर ही सुधारली तर ठीक. नाहीतर हिला दुसरं घर बघायचं. माझी मुलगी आणि नातू दारातून परत जाणार नाहीत."

क्लिफचा चेहरा खर्रकन उतरला.

पबमधल्या कुणीतरी कुत्र्यांना शिकवणारा एक माणूस सुचवला. छाती पुढे काढून आला, म्हणाला, "आठवड्यात सरळ करतो. खात्री!" कुठे शिकलास म्हणून मी विचारलं, तर म्हणे, रक्तातच आहे. मग त्याने पिशवीतून आतल्या बाजूला काटे असलेला पट्टा काढला. टॅन्सी टेबलाखाली जाऊन मुतली.

"आधी तुझ्या गळ्यात घाल तो!" म्हणत क्लिफने त्याला दाराबाहेर काढलं.

"अरे, दात काढायचा तर शिकलेला डॉक्टर बघतोस," मी म्हटलं, "आणि कुत्री द्यायची रक्तातच असलेल्याच्या हातात?" मग मीच जनावरांच्या दवाखान्यात विचारून आले. त्यांनी रोवेना हॅस्लमचं नाव दिलं. कुत्र्यांच्या वागणुकीचं रीतसर शिक्षण घेतलेली, परीक्षा दिलेली. तिने आधी टॅन्सीला कुठे दुखतंय का ते डॉक्टरांकडून तपासून घ्यायला लावलं, मग फोनवर ढीगभर प्रश्न विचारले.

"कुत्रीचं लग्न जमवतेय की काय ही?" क्लिफ कुरकुरला.

ती आली तेव्हा त्याने पहिलंच विचारलं, "कधी सुधारेल?"

"ते सांगता येत नाही," रोवेना म्हणाली. "मारणार नाही आणि घाबरवणार नाही, एवढं नक्की सांगते."

ती टॅन्सीकडे न बघता नुसती बसून राहिली. थोड्या वेळाने टॅन्सी आपणहून गेली आणि तिच्या बुटावर हनुवटी टेकून पडली. क्लिफचं तोंड लिंबू चावल्यासारखं झालं.

"आता रोजच्यासारखा चहा घ्या," रोवेना म्हणाली.

क्लिफने टॅन्सीला जवळ बोलावून घेतलं. म्युरिएल ट्रे घेऊन आली. टॅन्सी गुरगुरली. म्युरिएलने लांबूनच ट्रे ठेवला आणि ती मागे सरली. क्लिफने चहात बिस्किट बुडवलं, अर्धं स्वतः खाल्लं, अर्धं टॅन्सीला दिलं. "गप्प, राणी, गप्प."

"हे रोजचंच?"

"मग! चहा म्हटला की बिस्किट आलंच. गप्प करायला देतो."

"म्हणजे ती घाबरून गुरगुरते, म्युरिएल मागे सरते, वर बिस्किटही मिळतं," रोवेना म्हणाली. "तुम्ही शिकवलंत, मिस्टर ऑर्मरॉड, आणि ती शिकली. आता बिस्किट म्युरिएलने द्यायचं. लांबून टाकायचं, गुरगुरायच्या आत. तुम्ही सध्या एकही द्यायचं नाही."

"एकही नाही?" क्लिफने हातातला कप खाली ठेवला. "मग तिला मी कशाला आवडेन?"

मग म्युरिएलच म्हणाली, "मला आवडलास तेव्हा बिस्किट होतं का रे, गाढवा?"

क्लिफने रोवेनाचं ऐकलं, पण काय तो जळफळाट! म्युरिएलने दाराजवळून तुकडा टाकला की हा कप आपटायचा. टॅन्सी दारापर्यंत जायला लागली, तेव्हा हा परसात जाऊन कोबीवर राग काढायचा. रोवेना येत राहिली, आणि हळूहळू दार ते खुर्ची हे अंतर कमी झालं.

ईस्टरला लोर्ना आली. रोवेनाने सांगितल्याप्रमाणे बाळ जाळीच्या फाटकापलीकडे आईजवळ, अलीकडे आम्ही. टॅन्सीने एकदा बाळाकडे पाहिलं, आणि गेली ती थेट म्युरिएलच्या मांडीवर डोकं ठेवून पसरली. समोरच्या खुर्चीतून क्लिफने घशातून आवाज काढला.

"गुरगुरणाऱ्याला बिस्किट नाही," म्युरिएल त्याच्याकडे न बघता म्हणाली.

तो जरा वेळ धुमसला. मग उठला, खुर्ची ओढत आणली आणि तिच्या दुसऱ्या बाजूला, अगदी खेटून बसला. म्युरिएलने बिस्किट चहात बुडवलं, अर्धं मोडलं आणि त्याच्या तोंडात घातलं.

मी माझं बिस्किट अख्खंच्या अख्खं खाल्लं. अस्सा हेवा वाटला म्हणून सांगू! शेवटी मीही ऑर्मरॉडांचीच मुलगी.