बाणांच्या चटईवर बाबा

ही गोष्ट ठाऊक असलेली माणसं दोनच— मी आणि बाबा. आणि आम्ही दोघं यावर एकमेकांशीही कधी बोललो नाही. तुम्हाला सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी, ज्याची मला लाज नाही ते ऐका. मी कॉम्प्युटरवर संगीत करतो. गावात आजही म्हणतात, 'ह्येका पेटी येना नाय, तबलो येना नाय, नि म्हणे संगीतकार!' म्हणू देत. व्हिडिओ गेमसाठी करतो मी संगीत. पडद्यावर बाण सरकत येतात, पायाखाली तसेच बाण काढलेली चटई असते, आणि ठेका पडला की बरोबर त्या बाणावर पाय मारायचा. जरा मागेपुढे झालं की गेलात. परदेशातली पोरं माझ्या गाण्यांवर घामाघूम होऊन नाचायची. आहे मला त्याचा माज. कष्टाने मिळवलाय.

खोटं बोललो, त्याचीही लाज नाही. दचकलात? कंपनीला मी कळवलं होतं की मी गोव्याचा, नाव रॉनी, लहानपण किनाऱ्यावरच्या पार्ट्यांमध्ये गेलं. असल्या नाचाच्या संगीतासाठी परदेशात गोवा माहीत, मालवण कोण विचारतो? मी रवींद्र, मालवणजवळच्या एका वाडीतला, बाप होडीवर जाणारा. सायबर कॅफेत तासन् तास बसून रवींद्रने पाठवलेल्या गाण्यांना साधं उत्तर आलं नाही. तीच गाणी रॉनीने पाठवली आणि लगेच काम मिळालं. तीच! एक सूर बदलला नव्हता. मग खोटारडा मी की ते? म्हापशाला खोली घेतली आणि रॉनी होऊन राहिलो. पुन्हा वेळ आली तर पुन्हा होईन.

इथपर्यंत छाती पुढे काढून बोलता येतं. पुढचं—

बाबांबद्दल सांगायला हवं. पोट मासेमारीवर, पण जत्रांचे दिवस आले की ते दशावतारी नाटकात राजा व्हायचे. या नाटकात लिहून दिलेलं भाषण नसतं. गोष्ट ठरलेली असते, बोलायचं ते तिथे उभ्या उभ्या. समोरच्याने तुम्हाला भिकारी म्हटलं की तुम्ही भिकारी. ते झेलायचं आणि पुढे न्यायचं. बाबा कधी अडखळले नाहीत म्हणतात. मला विचाराल तर मला झोप यायची. तेही खरंच सांगतो.

पण माझ्या गाण्यांवर नाचलेला आमच्या गावातला एकच माणूस— बाबा. अधूनमधून बांगडे भरलेली टोपली घेऊन बसने म्हापशाला यायचे. टोपली ठेवली की लुंगी वर खोचून थेट चटईवर. 'लाव रे तुझे बाण!' पाय चुकायचे, मग बाणांनाच शिव्या. 'मेल्या, जरा हळू सोड मां!' आणि हसून हसून खाली बसायचे.

एकदा कंपनीची दोन माणसं यायची होती. एक परदेशी, एक मुंबईचा. अख्ख्या गेमचं संगीत मला द्यायचं की नाही ते ठरवायला. यायची होती दुसऱ्या दिवशी, उगवली आदल्या दिवशी. दार सताड उघडं. बाबा चटईवर, अंगात बनियन, घामाने निथळत, मालवणीत ओरडताहेत.

मुंबईवाल्याने हसत विचारलं, 'कौन हैं? पिताजी?'

'नहीं,' मी म्हणालो, 'मछलीवाला है.'

विचार न करता बोललो? छे. विचार केला होता. रॉनीचा बाप असा दिसणार नाही, एवढा विचार केला होता.

बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. चटईवरून उतरले, लुंगी खाली सोडली, टोपली उचलून दाराशी ठेवली आणि कमरेत वाकून म्हणाले, 'बांगडे हंय ठेवतंय, सायबानू. सकाळचे आसत, ताजे. पुढच्या टायमाक सुरमई गावली तर हाडतंय.' आवाजसुद्धा बदललेला. माझं वाक्य त्यांनी झेललं होतं. मला साहेब म्हणून गेले. मागे वळून बघितलं नाही— मासेवाला कशाला बघेल?

मी त्यांच्या मागे गेलो का? नाही. पाहुण्यांना चहा केला. काम मिळालं. ती गाणी उत्तम झाली, आणि ती मी नाकारणार नाही.

संध्याकाळी आईचा फोन. 'तुझे बापूस म्हणतत, झिलाकडे मोठे सायब इलेले म्हणान मी लवकर निघालंय. खरां मां?' मी 'होय' म्हणालो. घरीही त्यांनीच मला सांभाळून घेतलं होतं.

बापाचं काळीज मोठं असतं, त्यांनी मनाला लावून घेतलं नसेल— असलं काही मला ऐकवू नका. त्यानंतर ते म्हापशाला आले नाहीत. बांगडे यायचे, बसच्या कंडक्टरबरोबर. चटई मी गुंडाळून माळ्यावर टाकली.

पुढे एका वर्षी मिठबावच्या जत्रेला गेलो. नाटक संपलं होतं, उजाडलं होतं. बाबा खोबरेल तेलाने तोंडावरचा राजाचा रंग पुसत बसले होते. पेटीवर नवा माणूस आला होता. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, 'ह्ये कोण ओ, काका?'

बाबांचा तेलाचा हात गालावरच थांबला. ते माझ्याकडे बघायला लागले. राग वगैरे काही नव्हता. नाटकात समोरच्याचं वाक्य येईपर्यंत थांबतात, तसे थांबले होते. मी काय म्हणतो ते आधी कळायला हवं होतं त्यांना.

'मुलगा,' मी म्हणालो.

'होय,' बाबा त्या माणसाला म्हणाले, 'झिल आसा माझो.' आणि पुन्हा तोंड पुसायला लागले.