मृणालिनीबाईंनी अडवलेली पेटी

आमच्या परळच्या चाळीत मृणालिनीबाई पालवांइतकं वैतागलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्या सांगणार, आम्ही माना डोलावणार आणि आपल्याच मनाचं करणार. बाईंचं अर्धं आयुष्य त्यातच गेलं. पण त्या दिवसाची गंमत वेगळी.

गेल्या वर्षी गणपतीआधी मखर काढायला मंडळाचा जगदीश माळ्यावर चढला. मखरामागे सापडली एक पेटी. आमचा आनंदा, देवाघरी गेला बिचारा, डोंगरात सुरुंग लावायचा, त्याची. आत सुरुंगाच्या जुन्या कांड्या, आणि तळाला तेलासारखे पिवळट थेंब पाझरलेले.

बाईंनी शिडीवरून टॉर्च मारला आणि आवाज एकदम खाली आणला. "हात लावू नकोस. कांडीत मुरवलेलं स्फोटक, नायट्रोग्लिसरीन, जुनं झालं की असं बाहेर येतं. याला वात लागत नाही. आपटलं, घासलं, तापलं, तरी पुरतं."

"तेलच ना बाई? मोरीत ओतू," जगदीश म्हणाला.

"मोरीत? अरे, पाण्यात विरघळत नाही ते! तळाशी जाऊन बसेल."

"मग चौपाटीवर विसर्जन करू," शैलावहिनी म्हणाल्या. "गणपतीचा टेम्पो आहेच. देवाच्या सामानात राहिलेली वस्तू कचऱ्यात कशी टाकायची?"

"टेम्पोतून? या खड्ड्यांतून?" बाईंनी कपाळावर हात मारला.

मला राहवलं नाही. "बाई, माझ्या हृदयाच्या गोळीतही म्हणे हेच असतं. जिभेखाली ठेवतो मी, कुठे फुटतो?"

"कणभर असतं हो त्यात, आबा! आता तुम्हीसुद्धा?"

शेवटी त्यांनी पोलिसांना फोन केला आणि शिडीच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसल्या. जगदीश दोनदा वाकडा होऊन पाहून गेला. "नुसतं सरकवून ठेवतो ना," म्हणाला. बाई उठल्या नाहीत. पलीकडच्या खोलीत कोणी खिळा ठोकायला घेतला, तर खुर्चीवरूनच ओरडल्या, "हातोडा ठेव आधी!"

बॉम्बशोधक पथकातला साहेब वर गेला तो चटचट, उतरला तो एकेक पायरी जपत. लगेच सगळी चाळ रिकामी. अर्धे शिजलेले कुकर तसेच टाकून आम्ही रस्त्यावर. पेटी जाईपर्यंत दुपार टळली.

"बाई, तुमच्यापायी जेवण राहिलं," जगदीश कुरकुरला.

"भूक लागतेय ना? मग नशीब समज!" बाई अशा कडाडल्या की साहेबही दचकला. नंतर कोपऱ्यापर्यंत एकेकाला नाव घेऊन झापत गेल्या. आम्ही सगळे होतो तिथे, शिव्या खायला.