झोशाकाकूंचा म्हातारा कवी

झोशाकाकू कविता ऐकायच्या त्या बटाटे सोलता सोलता. पुढ्यात पातेलं, पातेल्यात पाणी, हातात बोथट सुरी. ओळ बरी असली की साल न तुटता लांबच लांब निघत जायची. ओळ खोटी निघाली की हातातला बटाटा, सोलून झालेला असो वा नसो, डुबुक करून पाण्यात पडायचा. माझं भाषांतर मी त्यांना पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा बारा ओळींत नऊ बटाटे पडले. त्या दिवशी काकूंकडे सालीसकट भाजी झाली असणार.

पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच उभा राहिला होता आणि त्याच्या वसाहतीत आम्ही सगळे कुठून कुठून येऊन पडलो होतो. माझे वडील कारखान्याच्या कचेरीत हेडक्लार्क. आमच्या मागच्या ओळीत बॉयलरवरचे फोरमन जगदाळे राहायचे. ते कोल्हापूरकडचे आणि त्यांची ही बायको पोलंडची. उंच, हाडापेराने मजबूत, पिवळ्या केसांचा अंबाडा, नऊवारी लुगडं, कपाळावर कुंकवाची आडवी चिरी. महायुद्धात घरादारातून हुसकावलेल्या पोलिश बायकामुलांची कोल्हापूरजवळ छावणी होती. रशिया, इराण असं करत काकू आईबरोबर तिथे पोचल्या तेव्हा वीस-एकवीस वर्षांच्या होत्या. आई छावणीतच वारली. युद्ध संपल्यावर बाकीचे जहाजात बसून निघून गेले आणि काकू मात्र छावणीला धान्य पोचवणाऱ्या ट्रकवरच्या जगदाळ्यांशी लग्न करून राहिल्या.

मराठी त्या सासूकडून शिकल्या. त्यामुळे 'मी येतो, मी जातो' असं अस्सल तिकडच्या बाईसारखं बोलायच्या. वसाहतीतल्या पुणेरी बायका त्यांना परकी समजून सुधारायला जायच्या. काकू ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "तुमचं बराबर असंल. पर माझी सासू तुमच्या दुप्पट बोलती, मग मी कुणाचं शिकू?"

आता माझं सांगते. मी तेव्हा पुण्याच्या कॉलेजात बीएला होते, रोज गाडीने जाऊन येऊन. दोन वेण्या, खांद्याला शबनम आणि चेहऱ्यावर सगळ्या जगाचं दुःख. मी मृत्यूवर कविता करायची. आमच्या घरात तोवर मेलं होतं ते एक मांजर, आणि तेही शेजाऱ्यांचं. पण मी 'हे मृत्यो' अशी हाक मारली की आई स्वयंपाकघरातून विचारायची, कोण आलंय? आज ती मुलगी मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या बाजूने जाईन. एकदा तिची एक कविता पुण्याच्या एका मासिकात छापून आली आणि ती पिंपरीत हळूहळू चालायला लागली, लोकांना नीट दिसावं म्हणून.

त्या छापील कवितेमुळेच काकूंनी मला बोलावलं. दार उघडंच होतं. बसायला पाट दिला, हातात ताकाचा पेला दिला आणि सरळ विषयाला हात घातला. त्यांच्या घरी आजोळची एक जाडजूड वही होती. त्या देशात जुन्या जमीनदार घरांतून अशी वही असायची म्हणे. लग्नं, मृत्यू, घोड्यांची औषधं, शेजाऱ्यांच्या चहाड्या आणि मधेमधे कविता, सगळं पिढ्यान्‌पिढ्या एकाच वहीत. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्यांच्या एका पूर्वजाने त्यात एक कविता लिहिली होती. छापलेली नाही, कुणाला ठाऊक नाही. काकूंच्या आईला ती पाठ होती आणि आईकडून काकूंना. सैनिकांनी घर रिकामं करायला लावलं तेव्हा अर्ध्या तासात उचलता येईल तेवढं उचललं, त्यात वही नव्हती.

"माझा म्हातारा आता फक्त हितं हाय," काकू कपाळावर सुरीची मूठ टेकवून म्हणाल्या. "आन् हितनं बी चाललाय. पोलिश बोलाय कोन न्हाई. दर वर्साला एक-दोन शब्द पडत्यात. मी सांगतो, तू मराठीत लिहून घे. मराठी मी विसरणार न्हाई, त्यातच मरायचंय मला."

कवितेत गोष्ट एवढीच होती. बायको मेलेला एक जमीनदार माणूस हिवाळ्यात सकाळी घराची किल्ली घेऊन अंगणात जातो. तिथे पोकळ ओंडक्यांत पाळलेल्या मधमाश्या असतात. तो प्रत्येक ओंडक्यावर किल्लीने तीनदा ठोकतो आणि माश्यांना सांगतो, मालकीण गेली. मग तिच्याविषयी चार शब्द बोलतो. ओंडक्याला कान लावून आतली गुणगुण ऐकतो. आणि परत घरात येतो तेव्हा दाराला कुलूप आतून लावावं की बाहेरून, ते त्याला सुचत नाही. पाच कडवी, वीस ओळी.

मी त्या ओळींचं काय केलं ते लिहितानासुद्धा मला लाज वाटायला हवी. वाटत नाही, हसू येतं. मी त्या शार्दूलविक्रीडितात बसवल्या. मधमाश्यांचे भ्रमर केले. भ्रमर आले म्हणून कमळं आली, कमळं आली म्हणून सरोवर आलं. 'हे मधुकरहो, तुमची स्वामिनी परलोकपथिका जाहली' असं तो बिचारा जमीनदार माझ्या वहीत बोलायला लागला.

पहिल्याच ओळीला बटाटा पडला. काकूंनी विचारलं, हे तळं कुठनं आलं? मी म्हटलं, ते सूचक आहे. "सूचक ऱ्हाऊ दे," काकू म्हणाल्या. "त्या दिशी गुडघ्याएवढा बरफ हाय. म्हातारा बुडंल न्हाईतर घसरंल. कमळ काढ."

दुसरा बटाटा किल्लीवर पडला. किल्ली मला गद्य वाटली होती, म्हणून मी त्याच्या हाती फूल दिलं होतं. काकूंनी उठून भिंतीवरची घराची किल्ली काढली आणि ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीवर तीनदा ठोकली. मग चाफ्याचं एक फूल आणून तेही तीनदा ठोकलं.  मी किल्ली लिहिली.

पण खरं भांडण झालं ते पुढे. मी शहाणपणाने म्हटलं, मराठी वाचकाला हे पटायचं नाही. आपल्याकडे मधाची पोळी रानात असतात, धूर करून लोक मध काढतात, माश्यांना कोण जाऊन सांगतं? म्हणून मी ती कवीची एक सुंदर कल्पना केली आहे, जणू तो भ्रमाने माश्यांशी बोलतो. काकूंचा चेहरा मी कधी नव्हे इतका कडवट झालेला पाहिला. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"तुझ्या घरात मानूस गेलं तर पावन्यांस्नी सांगावा धाडतीस का न्हाई? का ती बी कल्पना? आमच्याकडं घरात कोन गेलं की माश्यांस्नी सांगायचं. न्हाई सांगितलं तर त्या रुसून उडून जात्यात, न्हाईतर मरत्यात. घरच्याच हायती त्या. म्हातारा येडा झालेला न्हाई बाय. बायको गेलीया, कडाक्याची थंडी हाय, आन् त्याला हे काम करायचंय, म्हणून करतोय. तू त्याला येडा केलास, कारण येडा दिसायला बरा दिसतो."

मी दुखावले. बीएला असलेल्या माणसाला भाषांतर शिकवणार कोण, तर सालं सोलणारी बाई. पण लाचारही होते, कारण कवितेची सगळी चावी त्यांच्या डोक्यात होती. महिनाभर रोज दुपारी मी गेले. काकूंचं एकच म्हणणं असायचं: "सजवू नगंस. सांग." आणि दुसरं: "हे कोन बोलाय लागलंय, माझा म्हातारा का तुझं कॉलेज?" एखादा शब्द पकडायला त्या स्वतः अर्धा तास भिंतीकडे बघत बसायच्या. पोलिश ओळ पुटपुटायच्या, मराठीत उलटसुलट करायच्या आणि म्हणायच्या, "जवळ आलं. पर आजून दार उघडलं न्हाई."

तिसरं कडवं येईना. म्हातारा माश्यांना बायकोविषयी चार शब्द सांगतो तेच. काकूंना त्यातली पहिली ओळ अर्धी आठवत होती, तीही कधी एक वाटायची, कधी दुसरीच. एवढंच पक्कं ठाऊक होतं की आई ते कडवं म्हणताना हसायची. दर वेळेला. छावणीत तापाने पडली होती तेव्हासुद्धा तिथे आल्यावर हसली. "काहीतरी मज्जेचं व्हतं त्यात," काकू म्हणायच्या. "मेलेल्या बायकोची त्यानं चेष्टा केली व्हती. कसली, ते येतंय आन् जातंय. थांब जरा, येईल." मला त्यांनी बजावून सांगितलं, ती जागा मोकळी ठेव. आठवलं की भरू.

मी थांबले आठ दिवस. मासिकाच्या संपादकांना मी आधीच ऐटीत कळवून बसले होते की एक दुर्मिळ पोलिश काव्य येत आहे. मधे भोक असलेलं दुर्मिळ काव्य कोण छापणार? एका दुपारी मी बसले आणि तिसरं कडवं स्वतःच लिहिलं. म्लान वदन, निमालेले नयनदीप, शून्य झालेला संसार, सगळं घातलं. उरलेली चार कडवी काकूंनी दटावून दटावून साधी करून घेतली होती, त्यांच्यात हे कडवं शालू नेसून बसलं. मला ते सगळ्यात सुंदर वाटलं. काकूंना मी दाखवलं नाही. विचार केला, छापून आलं की त्यांना आनंदच होईल.

छापून आलं. वर माझं नाव, खाली बारीक अक्षरात 'एका जुन्या पोलिश काव्यावरून'. वसाहतीच्या साहित्य मंडळाने माझं वाचन ठेवलं. हॉल भरला. काकू दुसऱ्या रांगेत, जगदाळेकाकांच्या शेजारी, नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. मी वाचत गेले. तिसऱ्या कडव्याला बायकांनी डोळ्यांना पदर लावले, मंडळाच्या अध्यक्षांनी 'वा' म्हणून मान हलवली आणि पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं. हो, दोनदा म्हटलं. सगळ्या हॉलमध्ये न रडणारी बाई एकच होती, आणि ती माझ्याकडे रस्त्यातल्या अपघाताकडे बघावं तशी बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी शाबासकी घ्यायला गेले. होय, शाबासकी घ्यायला. पातेलं नव्हतं, बटाटे नव्हते. काकू नुसत्या बसल्या होत्या.

"रातभर मी आईला हुडकत व्हतो," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "कालपतूर तिथं मोकळं व्हतं. आईचं हसू तरी ऐकू यायचं. आता तिथं गेलो की तुझं कडवं म्होरं येतंय. वृत्तात हाय न्हवं, लगीच पाठ झालं. माझं गेलं, पोरी. तू भरलंस आन् ते गेलं."

मी म्हटलं, पण लोकांना फार आवडलं, काकू. एकोणीस वर्षांच्या तोंडातून असंच काहीतरी बाहेर पडतं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "लोकांस्नी आवडणारच. लोकांची आई न्हाई ती."

त्यानंतर सहा-सात महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. रागाने म्हणावं तर तसंही नाही. समोर आल्या की मान हलवायच्या, आईला भाजी आणून द्यायच्या, माझ्याकडे मात्र रिकाम्या खुर्चीकडे बघावं तसं बघायच्या. मी मृत्यूवर कविता करायचं सोडलं. त्यात मराठी साहित्याचं नुकसान झालं असं कुणी मला अजून म्हटलेलं नाही.

मग जगदाळेकाकांचे वडील अंथरुणाला खिळले आणि शेती बघायला त्यांनी नोकरी सोडली. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा काकूंनी मला हाक मारली. ओट्यावर बसवलं. "लिही," म्हणाल्या. "मी सांगतो तसं. हात लावायचा न्हाई."

आणि त्यांनी ती कविता सबंध मराठीत सांगितली. वृत्त नाही, यमक नाही. त्यांच्या सासूच्या मराठीत. 'मालकीण गेली गं बायांनो, आता मी हाय, तुमी जाऊ नगा.' मी लिहीत होते आणि पहिल्यांदाच मला तो बर्फातला माणूस दिसत होता, हातात किल्ली घेतलेला, नाक लाल झालेला. दुसरं कडवं संपलं. काकू थांबल्या. ट्रकवाला घाई करत होता, जगदाळेकाका दोन पावलं पुढे आले आणि बायकोचा चेहरा बघून मागे फिरले. 

"चार वळींची जागा सोड," त्या शेवटी म्हणाल्या.

मी सोडली. त्यांनी माझ्या हातातून वही घेतली, मोकळ्या रेघांवर एकेक बोट ठेवून मोजल्या, चार आहेत याची खात्री केली आणि चौथं कडवं सांगायला लागल्या.

दोघं पिंपरी सोडून गेले त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटले, त्यांच्या गावी. काकू उसाला पाणी देत होत्या. कवितेचा विषय त्यांनी काढला नाही, माझी छाती झाली नाही. पुढे चौदा-पंधरा वर्षांनी काका गेल्याचं आणि वर्षभरात त्या गेल्याचं पत्र आलं. तिथे मधमाश्या नव्हत्या. कुणाला सांगावा धाडायचा ते मला कळेना, म्हणून मी ती कविता वहीतून जशीच्या तशी उतरवली आणि एका दिवाळी अंकाकडे पाठवली. वर काकूंचं नाव घातलं, आणि संपादकांना तीन-तीनदा बजावून लिहिलं की मधली चार ओळींची जागा मोकळी ठेवा, ती चूक नाही.

अंक आला. कविता जशीच्या तशी होती. मधल्या मोकळ्या जागेत मात्र केसगळती थांबवणाऱ्या तेलाची जाहिरात होती. तीन दिवस मी संतापाने पेटले होते, संपादकांना पत्र लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. चौथ्या दिवशी अंक पुन्हा उघडला आणि कविता मोठ्याने वाचायला घेतली. किल्ली आली, ठोकणं आलं, मालकीण गेली. मग मधे ती तेलाची बाटली आली, आणि मला हसू आलं. काही केल्या थांबेना. मुलगी धावत आली, काय झालं म्हणून. तिला काय सांगणार, इतक्या वर्षांत, काकूंच्या आईनंतर, त्या जागी पहिल्यांदाच कुणीतरी हसलं होतं.