सगळ्यांच्या मागे चालणारा हेडली

आमच्या खोऱ्यात हेडली डिन्सडेलला नावाने हाक मारणारे कमी, ‘शेपूट’ म्हणणारेच जास्त. त्याला त्याचा राग नव्हता, उलट अभिमानच होता. दर गुरुवारी सकाळी दहाला चर्चच्या फाटकापाशी जमून आम्ही मंडळी डोंगरात चालायला जायचो. सगळ्यांच्या पुढे मार्जरी होल्म. ती शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे वाट चुकली तरी चुकली म्हणायची नाही. सगळ्यांच्या मागे हेडली. उघडलेलं प्रत्येक फाटक त्याने लावायचं, नाहीतर मेंढ्या पसार आणि शेतकऱ्याच्या शिव्या आपल्याला. आणि काही झालं तरी कोणाला ओलांडून पुढे जायचं नाही. शेपटाच्या मागे माणूस उरला तर ते शेपूट कसलं?

तेहतीस वर्षं हेडली पोस्टमन होता. वरच्या शेतघरांची टपाल-फेरी त्याची, रोज अकरा मैल, सोबतीला वारा. लग्न राहून गेलं. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायचा, “पत्र पत्त्यावर पोचलं नाही.” निवृत्त झाला आणि घर खायला उठलं. तेव्हा मार्जरीने त्याला मंडळात ओढला. बुधवारी संध्याकाळीच तो बुटांना चरबी चोळून ठेवायचा, केकची जाड फोड आणि चीजचा तुकडा कागदात बांधायचा. गुरुवार म्हणजे त्याचा सण.

पण सणातही एक दुखणं होतं. गंमत सगळी पुढे चालायची. हशा वाऱ्यावर मागे यायचा, विनोद यायचा नाही. हेडलीच्या वाट्याला यायची एनिड आल्डरसन, पडदे शिवून पोट भरणारी विधवा, चालण्यात सर्वांत मंद. दहा पावलं टाकली की थांबायची, हे फूल बघ, तो ढग बघ. सहा वर्षं ती दोघं मागे राहून चालली. त्याला गुडघेदुखीचा पाला सांगणारी, त्याच्या कोटाचं तुटलेलं बटण चालता चालता लावून देणारी तीच. पण आयतं मिळतं त्याची किंमत कोणाला असते?

त्या एप्रिलच्या गुरुवारी आम्ही चौदा जण निघालो. माळावर चढल्यावर लीड्स शहरातला एक शाळामास्तर भेटला. नकाशा उलटा धरून उभा होता.

“काय मास्तर, समुद्रावर निघालात का?” कोणीतरी विचारलं.

“या गावातून त्या गावात जायलाच निघालो होतो हो,” तो म्हणाला, “पण गाव कुठे गेलं ते कळेना!”

आमच्याबरोबरच खाली चला म्हटल्यावर तो रमला. गोष्टी सांगण्यात पटाईत होता. थोड्याच वेळात पुढे अशी हास्याची कारंजी उडायला लागली की हेडलीचे पाय शिवशिवले. आणि नेमकी तेव्हाच एनिड थांबली.

“हेडली, अरे हळू! टिटवीची अंडी आहेत. पाऊल जपून टाक.”

“बघितली. चल आता.”

“अशी कशी बघितलीस? इकडे ये ना जरा.”

“एनिड, तुझ्याआधी त्या मेंढ्या चहाला पोचतील!” हेडलीचा आवाज चढला. “तुझ्यापायी सहा वर्षं मी माणसांच्या पाठी बघत चाललोय. नुसत्या पाठी!”

एनिड खाली वाकली आणि सुटलेली नसतानाही बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागली. हेडली क्षणभर उभा राहिला. मग तिला ओलांडून तो झपझप पुढे गेला.

मास्तरची गोष्ट खरंच झकास होती. हेडली पोट धरून हसला. हसता हसता मंडळी मोठ्या गडग्यापाशी पोचली. दगडी भिंतीतल्या पायऱ्या चढून एकेकाने पलीकडे उतरायचं आणि मार्जरीने मोजायचं, ही आमची रीत. शेवटी हेडलीने ओरडायचं, “शेपूट आलं!” म्हणजे मागे कोणी नाही. त्याने वळून पाहिलं. धुकं उतरत होतं, एनिड दिसली नाही. जीभ मात्र सवयीने बोलून गेली, “शेपूट आलं!”

“चौदा,” मार्जरी म्हणाली. “बरोबर. चला.”

चौदा म्हणजे एनिड खालच्या पाऊलवाटेने आधीच पुढे गेली असणार, हेडलीने मनाशी ठरवून टाकलं. हवं ते ऐकायला मिळालं की माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही. चौदावा तो मास्तर होता, हे ना मार्जरीच्या ध्यानात आलं ना त्याच्या.

खाली पबच्या दारात मास्तर टोपी उंचावून आपल्या वाटेने गेला. आत चौदा कप चहा आला आणि एक कप तसाच उरला. “कोणाचा हा?” मार्जरीने विचारलं. हेडली खुर्ची पाडून उठला होता.

तो धावत वर गेला, मागून बाकीचे कंदील घेऊन. खिशात फोन असण्याचे दिवस नव्हते ते. धुक्यात हाका मारत तो दोन तास फिरला. एनिड गडग्याच्या आडोशाला बसलेली सापडली. घोटा मुरगळलेला, ओठ निळे.

“आलास का?” ती म्हणाली. “मला माहीत होतं तू येणार.”

त्याला रडू कोसळलं. बोलायचं ते बोलण्याआधी बाकीचे पोचले. मार्जरी कडाडली, “हेडली, हिला सोडून तू पुढे गेलासच कसा?”

“त्याला नको बोलूस गं,” एनिड म्हणाली. “मीच हाकललं त्याला. म्हटलं, मी खालच्या वाटेने येते, तू हो पुढे.”

हेडलीने तोंड उघडलं आणि मिटलं. सगळ्यांच्या नजरा निवळल्या, आणि त्याला, खोटं कशाला सांगू, हायसं वाटलं. मंडळातून नाव गेलं असतं तर त्याला दुसरं होतं काय?

एनिडच्या छातीत थंडी बसली ती कायमची, घोटाही धड बरा झाला नाही. तिचं चालणं संपलं. हेडली दर आठवड्याला ठरवायचा की जाऊन तिची माफी मागायची. गेलाही दोन-चारदा. हवापाण्याचं बोलून, चहा पिऊन परत आला.

दोन वर्षांनी चर्चच्या हॉलमध्ये मंडळाने त्याचा सत्कार केला. शिंगाच्या मुठीची सुंदर काठी दिली. “याच्या मागे कधी कोणी राहिलं नाही,” मार्जरी भाषणात म्हणाली. “एनिडचा प्रसंग सोडला तर, आणि त्यात याची चूक नव्हती, ती स्वतःच सांगते.” पहिल्या रांगेत एनिड बसली होती, शाल पांघरून. ती टाळ्या वाजवत होती.

हेडली उभा राहिला. आता सांगायचं, त्याने ठरवलं. हॉलभर आपली माणसं, प्रेमाने बघणारी. घसा खाकरला. “आभारी आहे,” तो म्हणाला, “सगळ्यांचा.” आणि बसला.

नंतर तो एनिडला कोट चढवायला मदत करत होता. आसपास कोणी नव्हतं.

“एनिड, मी सांगणार होतो,” तो पुटपुटला.

“ठाऊक आहे मला,” ती बटणं लावत म्हणाली. “डोंगरावर तू येशील याची खात्री होती, म्हणून तिथे मी निवांत बसले. आज मात्र फार वाट बघितली रे.”

ती कुबडीवर जोर देऊन आपल्या मुलीच्या गाडीकडे गेली. त्याने हात पुढे केला होता, तिने तो घेतला नाही. हिवाळ्यात ती वारली, तेव्हाही तो शवपेटीमागून सगळ्यांच्या शेवटी चालला. चर्चचं फाटक लावून घेतलं, आणि त्या दिवसानंतर गुरुवारी तो कधी आला नाही.