श्वास रोखायचा नाही

मंडळी, समुद्रातल्या डायव्हिंगचा कुठला कोर्स घेऊ, असं मी इथंच विचारलेलं. तुम्ही म्हणालात, आधी स्विमिंग पुलात सराव करून घेणारा घे. घेतला. आज सकाळी ठाण्यात पहिला सराव झाला. आता सायबर कॅफेत बसून लिहितोय.

सरांनी एकच नियम पुन्हा पुन्हा सांगितलेला. पाण्याखाली पाठीवरच्या हवेच्या टाकीच्या नळीतून श्वास चालू ठेवायचा, रोखायचा नाही. कोंडलेली हवा वर येताना फुगते, फुप्फुस फाटू शकतं.

तळाशी माझ्या चष्म्यात पाणी शिरलं. मी घाबरलो, छाती भरून श्वास कोंडला आणि सरळ वर निघालो. सरांनी पट्टा धरून थांबवलं, आणि माझ्या तोंडून बुडबुडे निघेपर्यंत सोडलं नाही.

वर आल्यावर ते ओरडले नाहीत. "पोहायला कोणी शिकवलं?" एवढंच विचारलं.

बाबांनी. आम्ही खाडीवरचे कोळी. अडकलेलं जाळं सोडवायला बाबा नुसत्या दमावर बुडी मारायचे. मलाही मान धरून शिकवलं, "काय पण झालं तरी दम सोडू नको रे."

दुपारी घरी जेवताना बाबांनी विचारलं, "दम धरलास ना नीट?"

मी हो म्हटलं. खरंच धरलेला.

पुढच्या रविवारी समुद्रात उतरायचंय. नियम मला पाठ आहे, पण घाबरलो की अंग बाबांचंच ऐकतं. लहानपणी अंगात मुरलेलं कुणी घालवलंय का? रविवारच्या आत सांगा.