आर्लिसचा गुडघा

चढ संपला तशी आर्लिस एका पडलेल्या बर्चच्या खोडावर टेकली, डाव्या गुडघ्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. वैद्य नाडी बघतो तशी ती गुडघा बघते. तिचं भलंमोठं मासे धरायचं जाळं मी खांद्यावरून उतरवलं आणि तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. अर्धं जंगल मागे पडलं होतं, अर्धं अजून पुढे होतं.

"ठणकतोय, पण अजून मांडीत चढला नाही," ती म्हणाली. "वेळ आहे आपल्याला."

ठणका मांडीत चढला म्हणजे हवा बदलणार, आणि हवा बदलायला लागली की मस्की जेवायला उठतो, हा आर्लिसचा सिद्धांत. मस्की म्हणजे आमच्या उत्तर विस्कॉन्सिनच्या तळ्यांतला सगळ्यांत मोठा मासा. तोंड सुसरीचं आणि स्वभाव जावयाचा. पानात काय वाढलंय ते जवळ येऊन बघतो आणि तोंड फिरवून निघून जातो. माणसं हजारो वेळा गळ टाकतात तेव्हा कुठे एकदा दर्शन होतं, आणि प्रसाद तर त्याहून दुर्मीळ. म्हणून कुठल्या तळ्यावर जायचं आणि कधी जायचं, यावर इथे घराघरांत वेगवेगळे पंथ आहेत. कुणी वारा बघतं, कुणी पाण्यात थर्मामीटर बुडवतं. आर्लिस चंद्र उगवायची वेळ बघते आणि त्यावर गुडघ्याचा शिक्का घेते. त्या दिवशी शुद्ध एकादशी होती, म्हणजे चंद्र भरदुपारी उगवणार होता. हे मी पंचांगावरून सांगितलं आणि तिने मस्कीवरून.

आता चालत का निघालो होतो, तर तीही इथली रीतच. आर्लिसने तिची पिकअप उभी केली होती हेरन लेकच्या काठावर, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसेल अशी. आणि आम्ही निघालो होतो टेकाडापलीकडच्या बटन लेकला. मस्की कुठे आहे ते सख्ख्या भावाला सांगत नाहीत. गाडी एका तळ्यावर लावायची आणि मासे दुसऱ्याच तळ्यावर धरायचे. बटन लेक म्हणजे एवढंसं डबकं. तिथे शहाणा माणूस पायसुद्धा बुडवणार नाही, असं गावाचं मत. आर्लिसने मात्र तिथे तीन हिवाळ्यांआधी, पाणगवत वाळून पिवळं पडलं असताना एका उरलेल्या हिरव्या पट्ट्याच्या कडेला, इस्त्रीच्या फळीएवढा मस्की पाहिला होता. पुढच्या दोन्ही वर्षी तो तिच्या नावेपर्यंत आला आणि परत गेला.

हे तिने गावच्या बारमध्ये सांगितलं, जागेचं नाव वगळून. आठवड्याभरात तिच्या मेहुण्याने, नॉर्बर्टने, एक खरीखुरी इस्त्रीची फळी आणली, तिला डोळे आणि दात रंगवले, आणि बाकीच्यांचे पेंढा भरलेले मासे टांगलेत त्या भिंतीवर मधोमध ठोकली. खाली पाटी: 'आर्लिसचा'. तेव्हापासून दर शुक्रवारी तळलेले मासे खाताना सगळं गाव त्या फळीकडे बघून हसतं. आर्लिसने तीस वर्षं शाळेची बस चालवली. त्या बारमधलं निम्मं गाव लहानपणी तिच्या धाकात बसलेलं आहे. तेच आता तिला विचारतात, बाई, मासा सुती होता की रेशमी?

आणि येत्या आठवड्यात तिचा गुडघा बदलायचा होता. डॉक्टर किती तरी वर्षं मागे लागले होते, पण ती नाहीच म्हणत होती. लोखंडाला काय कळतंय हवेतलं, हे तिचं म्हणणं. शेवटी मुलीने दम दिला तेव्हा कबूल झाली. म्हणजे स्वतःच्या गुडघ्याने वेळ बघायची ही शेवटचीच संधी. ती फळी भिंतीवरून उतरवायची तर याच आठवड्यात.

त्यासाठी तिला साक्षीदार हवा होता. मी मासे खात नाही, बारमध्ये जात नाही, माझं गावात कुणी नातलग नाही. माझ्या यजमानांना इथल्या कागद गिरणीत नोकरी लागली म्हणून आलो, ते इथेच राहिलो. एकदा चर्चच्या केक स्पर्धेत परीक्षक म्हणून मला बसवलं, आणि आर्लिसच्या भोपळ्याच्या केकला मी शेवटचा नंबर दिला, कारण तो खरंच दगड होता. तो सगळा हिवाळा ती माझ्याशी बोलली नाही. वसंतात दारात येऊन म्हणाली, "तू खोटं बोलत नाहीस. कधीतरी उपयोगी पडशील." तो दिवस आता आला होता.

आम्ही उठणार एवढ्यात समोरच्या झाडीतून भगवी टोपी डोकावली. हरणाच्या शिकारीचे दिवस जवळ आले की चुकून गोळी लागू नये म्हणून इकडे सगळेच भगवे होतात. पण हा नॉर्बर्ट होता, आणि त्याच्या पाठीला कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक बांधलेलं होतं.

"काय मेहुणीबाई, जाळं घेऊन कुठे? फुलपाखरं धरायला?"

आर्लिसने शांतपणे सांगितलं की शालनला, म्हणजे मला, नाताळच्या तोरणासाठी पाइनची फळं गोळा करायची आहेत. नॉर्बर्ट म्हणाला, छान, तो पण नाताळचं झाडच बघायला निघालाय. दोघंही एकमेकांच्या सामानाकडे न बघता बोलत होते. हवा, गुडघा, त्याच्या कुत्र्याचे दात, सगळं झालं. कुणी हलेना.

मला ते बरं दिसेना. एवढ्या थंडीत माणूस भेटलाय, काहीतरी हातावर ठेवावं म्हणून मी पिशवीतून उपासाची केळी काढली आणि एकेक दोघांपुढे धरलं.

दोघंही एकदमच मागे सरले. नॉर्बर्ट तर झुडपात बसलाच.

मला नंतर कळलं की मासे धरायला निघालेल्या माणसाने केळ्याला शिवायचं नसतं. नावेत केळं असलं की मासा लागत नाही. एरवी दोघंही केळी खातात, मी पाहिलंय. म्हणजे पाइनची फळं आणि नाताळचं झाड दोन्ही तिथेच उघडं पडलं. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. मग नॉर्बर्ट उठून अंग झटकत म्हणाला, "पोट जरा बिघडलंय माझं." आर्लिस म्हणाली, "माझंपण."

केळी एका बुंध्यावर ठेवावी लागली. आर्लिसने माझे हात पाइनच्या ओल्या सुयांनी चोळून काढले. मग आम्ही मुद्दाम उत्तरेला चालत गेलो, नॉर्बर्ट मुद्दाम दक्षिणेला गेला, आणि तो दिसेनासा झाल्यावर आम्ही वळून आपल्या वाटेला लागलो. उपाशी पोटी तेवढं चालणं वाढलं. मी मनात नाम घेत होते, ती गुडघ्याचं नाव घेत होती, पण वेगळ्या भाषेत.

बटन लेकला पोचलो तर पलीकडच्या काठावर नॉर्बर्टची पिकअप उभी. आर्लिस आधी पांढरी पडली आणि मग हसत सुटली. ज्या तळ्यावर कुणी मरायलाही जाणार नाही, तिथे गाडी लावून तो चालत गेला होता हेरन लेकला. आणि हेरन लेकवर आमची गाडी उभी होती.

सीडरच्या फांद्यांखाली उपडी घातलेली तिची पत्र्याची नाव आम्ही पाण्यात लोटली. मला काम एकच दिलं होतं. मासा वर आला की फोनवर फोटो काढायचा. चारदा बजावलं, दोनदा माझ्याकडून म्हणून घेतलं. मग ती उभी राहिली आणि हिरव्या पट्ट्याच्या कडेने गळाला लावलेला लाकडी मासा फेकू लागली. फेकायचा, ओढायचा, नावेशी आला की पाण्यात गळाच्या काठीने मोठा इंग्रजी आठ काढायचा, कारण मस्की मागून येत असला तर त्या वळणावर त्याला मोह होतो. तिने असे किती आठ काढले कुणास ठाऊक. पाटी गिरवणाऱ्या मुलासारखी ती काढतच होती. माझी बोटं बधिर झाली.

मग ती खाली वाकून कण्हली. "मांडीत चढला," म्हणाली.

आणि त्याच आठाच्या वळणावर पाण्याखालून एक हिरवट, पट्टेरी, लांब, काही केल्या संपेना असं काहीतरी आलं. आधी जबडा, मग पाठ, मग खूप वेळाने शेपूट. काठी वाकली, नाव तिरकी झाली, आर्लिसने तिच्या बसमधल्या सगळ्या शिव्या एकदम दिल्या. तो अर्धा पाण्याबाहेर आला, नावेला लागून आडवा झाला. वल्ह्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याने डोळा फिरवून माझ्याकडे बघितलं. मग मान झटकली, लाकडी मासा आमच्याच नावेत थुंकला, आणि गेला.

"फोटो?" आर्लिसने विचारलं.

फोन माझ्या मांडीवर होता. माझे दोन्ही हात जोडलेले होते. कधी जोडले गेले ते मलाही कळलं नाही.

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मला वाटलं, आता मला पाण्यात ढकलते. पण ती नावेतल्या बाकावर बसली आणि गुडघा चोळू लागली. मग वल्ही मारत तिने नाव काठाला लावली. नाव उपडी करून झाली, फांद्या घातल्या, तेव्हा म्हणाली, "किती मोठा होता?"

"तुझ्या फळीपेक्षा मोठा," मी म्हटलं. आणि ते खरं होतं.

"उद्या शुक्रवार. बारमध्ये ये. नुसता चहा पी, पण सगळ्यांसमोर हेच सांग. तुझ्यावर विश्वास ठेवतील ते."

मी सांगेन म्हटलं. तिने पलीकडच्या काठावरची नॉर्बर्टची पिकअप पाहिली, मग इकडेतिकडे पाहून माझी बाही धरली.

"आणि कुठे म्हणून विचारलं, तर सांग हेरन लेक."

मी तोंड उघडलं.

"माहीत आहे, माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर आज नको सांगूस म्हणतेय. उद्या सांग. उद्या तुझा उपास सुटलेला असेल ना?"